पुढची चाकं, मागची चाकं आणि दौलत

दौलत,

नांदुऱ्याच्या फलाटावर तुझ्या सदऱ्याच्या खिशातून जीपची किल्ली मीच काढली. दुसरं कोणी हात लावायला तयार नव्हतं. हमाल म्हणाला, "तुमचा मानूस हाये, तुमीच काढा." किल्लीबरोबर सुपारीचं एक खांड बाहेर आलं. ती किल्ली मुठीत धरून मी उभा राहिलो आणि तुलाच विचारलं, "गाडी कुठी लावली बे?"

मोठ्यानं विचारलं. आजूबाजूची माणसं माझ्याकडे पाहायला लागली. तू उत्तर दिलं नाहीस तेव्हा मला राग आला. खरंच राग आला, दौलत. तू मेला आहेस हे मला सकाळपासून माहीत होतं, त्यासाठीच मी मेहकरहून आलो होतो. तरी तू बोलत का नाहीस, हे मला कळेना.

आता तेरवी होऊन चार दिवस झाले. तुझ्याशी बोलताना मी असा पुस्तकी कधी बोललो नाही, पण लिहायला बसलं की शाळेतलीच भाषा हातात येते. सातवीपर्यंत शिकलो ते असं कामी येईल असं वाटलं नव्हतं. तू असतास तर म्हणाला असतास, "मिस्त्री, पाना धर, पेन काऊन धरून राह्यला?" पण पान्यानं करायचं असं काही उरलं नाही.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी एका ट्रकच्या खाली होतो. पोस्टातला माणूस आला आणि वाकून म्हणाला, नांदुऱ्याहून फोन आला आहे, दौलतराव गेले. मी खालूनच विचारलं, "कुठी गेले?" मला त्याचे फक्त पाय दिसत होते. ते पाय तिथून हलेनात, तेव्हा मला समजलं.

आदल्या दिवशी तू लग्नाची मंडळी घेऊन नांदुऱ्याला गेला होतास. रात्री धर्मशाळेत झोपलास. सकाळी मंडळींना आगगाडीत बसवलंस, बाकावर बसलास, चहा मागवलास. अर्धा प्यायलास आणि बाजूला कललास. बस, एवढंच. फलाटावर मेहकरचा एक कापसाचा दलाल होता, त्यानं तुला ओळखलं म्हणून निरोप तरी लवकर आला. डॉक्टरनं हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. तुझं हृदय! चाळीस वर्षांच्या माणसाचं, जो एका हातानं जीपचं चाक उचलून बसवायचा.

घाटात नाही, पुरात नाही, कुठल्या वळणावर नाही. बाकावर. तुझ्याबद्दल मी कितीदा भ्यालो असेन, पण गाडी उभी असताना तुला काही होईल असं कधी मनात आलं नाही.

परत येताना तुला मागे निजवलं आणि जीप मी चालवली. खामगाव, जानेफळ, मेहकर, डोणगाव. मेहकर गेल्यावर एका चढाला माझ्या तोंडून निघून गेलं, "पाह्य बे, मागच्या चाकांवर कशी चढून राह्यली." आणि मी तुझ्या उत्तरासाठी थांबलो. खरोखर थांबलो, तेवढ्यात जीपची गती कमी झाली, गिअर बदलायला लागला. दिवस मावळायच्या आत तुला घरी पोचवलं. त्यानंतरचं फारसं आठवत नाही.

चाकांवरून आपला वाद कसा सुरू झाला ते मात्र स्पष्ट आठवतं.

महाराष्ट्र झाला त्याच वर्षी तू ती जीप आणलीस. लष्करानं मोडीत काढलेली, डाव्या बाजूला स्टिअरिंग, रंग उडालेला. डोणगावातले लोक तुला हसले. घरची वांग्या-मिरच्यांची वाडी सोडून हा कशाच्या मागे लागला, म्हणाले. तू मात्र गिअरजवळचे ते दांडे सगळ्यांना दाखवत फिरायचास. हा साधा गिअर. हा दुसरा दांडा लावला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो, चारही चाकं गाडी ओढतात. आणि हा तिसरा, सावकाश पण ताकदीनं चढायचा. "चार बैलाची गाडी हाये," असं तू म्हणायचास.

मग एक दिवस माझ्या गॅरेजात खामगावच्या एका व्यापाऱ्याची मोटार आली. फ्रान्सात बनलेली, काळी, जमिनीला पोट टेकलेली. पंक्चर होती. मी खाली शिरलो आणि तसाच ओरडलो, "दौलत! हिच्या खाली काहीच नाही बे!"

तू धावत आलास आणि माझ्या शेजारी मातीत आडवा झालास. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लोखंडी शाफ्ट, जो आपण पाहिलेल्या प्रत्येक मोटारीखाली असायचा, तो नव्हताच. खाली सपाट पत्रा. सगळा जोर पुढच्या पुढे, पुढच्याच चाकांना. मागची चाकं नुसती मागे मागे येणारी.

"ह्या गाडीले पुढची चाकं ओढतात?" तू विचारलंस.

"हाव."

"मंग मागची काय करतात?"

"पाहुणे हायेत."

तू इतका हसलास की तुझ्या डोळ्यांत माती गेली. व्यापारी भला माणूस. पंक्चर काढून झाल्यावर त्यानं तुला ती मोटार डोणगावच्या रस्त्यावर थोडी चालवू दिली. तू परत आलास तेव्हा तुझा चेहरा पाहण्यासारखा होता.

"मिस्त्री, वळणावर ही गाडी शेपटी टाकत नाही. नाक जिकडं वळवलं तिकडं ओढत नेते. आपून आजवर चुकीच्या बाजूनं गाडी ढकलत होतो बे!"

तिथून सुरू झालं. तू पुढच्या चाकांचा, मी मागच्या चाकांचा. माझं म्हणणं सरळ होतं. चढावर गाडीचं सगळं वजन मागे जातं, ज्या चाकांवर वजन त्यांचीच पकड, म्हणून जोर मागेच हवा. शिवाय पुढच्या चाकांना वळायचंही काम आहे. एकाच चाकाला दोन कामं सांगितली की ते दोन्ही अर्धी करतं.

"मंग तू बैल काऊन पुढं जुंपतो?" हा तुझा मोठा मुद्दा. "मागं जुंप न, ढकलतील."

"बैलाले पाय हायेत, चाकं नाहीत."

"तेच म्हणून राह्यलो मी. पुढून ओढलेली वस्तू सरळ येते, मागून ढकललेली आडवी होते."

आपण हे गॅरेजात बोललो, तुझ्या वाडीत बोललो, लोणारला यात्रेच्या गर्दीत उभं राहून बोललो. माझ्या घरच्या बारशाला बायकोनं केलेल्या घुगऱ्या थंड झाल्या तरी बोलत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "तुमच्यापाशी जीप हाये न? चालवून पाहा न एकदाचे."

म्हणून त्या रविवारी आपण नदीकडे उतरणाऱ्या गाडीवाटेवर गेलो. एकच जीप, पण तिच्या तीन गाड्या केल्या. आधी दांडा लावून चारही चाकं. मग दांडा काढून नुसती मागची. मग मी खाली शिरून मागच्या चाकांना जाणारा शाफ्ट सोडवून बाजूला ठेवला आणि दांडा लावला, म्हणजे नुसती पुढची. अर्धं मेहकर पाहायला जमलं होतं.

सपाट रस्त्यावर तिन्हींत काही फरक कळला नाही, तेव्हा लोकांचा उत्साह जरा गेला. पण भुसभुशीत मातीतल्या वळणावर मजा आली. मागच्या चाकांवर तू जोर दिलास तशी जीपची शेपटी बाहेर फेकली गेली आणि बघणारे पळाले. पुढच्या चाकांवर ती गुमान वळली, आणि तू माझ्याकडे पाहून मिशी पिळलीस. मग जास्त जोर देऊन पुन्हा गेलास, तेव्हा चाकं वळलेली आणि जीप सरळच, थेट तुरीच्या कुंपणात. आता मिशी मी पिळली. चढावर चारही चाकांची जीप सहज गेली. मागच्या चाकांवर थोडी घसरत, पण गेली. पुढच्या चाकांवर निम्म्यात अडकली आणि पुढची चाकं जागच्या जागी माती उडवत राहिली.

"वजन मागं जाते, सांगतलं होतं न," मी म्हणालो.

"एका चढानं काही होत नाही."

"मंग चारी चाकं लाव कायमची. वादच मिटला."

तू खाली उतरलास, टायरची माती बोटानं काढलीस आणि म्हणालास, "चारी लावली म्हणून गाडी लवकर थांबते काय? निघाले चांगली. थांबाले सगळ्याच सारख्या."

हे मला सुचलं नव्हतं. पण तेव्हा मी ते कबूल केलं नाही. उलट बजावलं की डांबरी रस्त्यावर पुढचा दांडा लावत जाऊ नकोस. कोरड्या कडक रस्त्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांना ताणतात आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. तू ऐकायचास आणि विसरायचास. तुला तो दांडा लावायला आवडायचं, एवढंच.

आता ते लिहितो, ज्यासाठी कागद घेतला.

चार वर्षांपूर्वी, पोळा होऊन गेला होता. जीपच्या मागच्या शाफ्टचं काम माझ्याकडे आलं. शाफ्टच्या टोकाला चार हातांचा एक लोखंडी सांधा असतो, आपण त्याला क्रॉस म्हणतो. तो झिजला होता. नवा मागवला होता, आला नव्हता. तुला दुसऱ्या दिवशी गाडी हवी होती. मी जुनाच क्रॉस धुतला, ग्रीस भरलं, फिरवून बसवला आणि तुला म्हणालो, "झालं काम." नवा बसवला असं मी म्हणालो नाही. पण तू तसंच समजलास आणि मी तुला तसं समजू दिलं. नवा आला की गुपचूप बदलून टाकू, असं मनात होतं.

चार दिवसांनी तू आलास. "मिस्त्री, मागून आवाज येऊन राह्यला. कट् कट्. जरा बस न संगं, ऐकून पाह्य." मी बसलो. म्हणून त्या दिवशी मी जीपमध्ये होतो.

लोणारच्या अलीकडे एका गावात आपण चहाला थांबलो. तिथं एक म्हातारी धावत आली. माळ्याची बाई, मळ्यात घर. सुनेला पहाटेपासून कळा येत होत्या, दुपार झाली तरी सुटका नाही, सुईणीनं हात टेकले होते. "लेकरा, मेहकरच्या दवाखान्यात ने रे बाबा हिले." तू माझ्याकडे पाहिलंसही नाही. मागची जागा मोकळी केलीस, गोधडी टाकलीस. सुनेचं नाव गया. ती ओठ दाबून पडून होती. नवरा बाजाराला गेला होता. म्हातारी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि आपण निघालो. मागून कट् कट् चालूच होतं. मी ते ऐकत होतो आणि तो आवाज कशाचा हे मला पक्कं कळलं होतं. मी काही बोललो नाही.

नाल्यात शिरलो आणि तो क्रॉस तुटला.

केवढा आवाज झाला! शाफ्ट खाली लोंबून आपटायला लागला. म्हातारी किंचाळली. तू जीप थांबवलीस. पोटरीभर पाणी, वर ढग दाटलेले, पुढे ओल्या काळ्या मातीचा चढ आणि गया मागे कण्हत होती. पंधरा मैलांत दुसरं वाहन नाही.

मी पाण्यात आडवा झालो. तू वरून पाना दिलास आणि म्हणालास, "सोडून टाक तो. त्या रविवारी सोडला होता तसाच." मी मागचा शाफ्ट काढला, म्हातारीच्या पायाशी ठेवला. तू पुढचा दांडा लावलास. जीप हलली. नुसत्या पुढच्या चाकांवर तिनं नाला ओलांडला.

आणि चढावर थांबली. पुढची चाकं गरागरा फिरत होती, माती उडत होती, जीप इंचभर पुढे जात नव्हती. मला ठाऊकच होतं. सगळं वजन मागे, जोर पुढे. मी पुढे बोनेटवर जाऊन बसलो. तरी नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तू प्रयत्न केलास. गयानं पहिल्यांदाच हाक मारली, "दादा, मले मरू देऊ नका."

तू इंजिन बंद केलंस. दोन मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसलास. मला वाटलं, संपलं. मग तू उतरलास, चढाकडे पाहिलंस, जीपकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मिस्त्री, वजन खालच्या चाकांवर जाते म्हणतो न तू?"

"हाव."

"मंग पुढची चाकंच खाली ठेवू."

तू जीप नाल्यात मागे घेतलीस, वळवलीस आणि तिची पाठ चढाला लावलीस. रिव्हर्स. मला म्हणालास, "तू नाकाले लाग. ढकलनं चांगलं म्हणत होता न, आता ढकल." त्या वेळीही तुला थट्टा सुचत होती. मान वळवून तुला मागे पाहायचं होतं, आणि मागे तर गया. तू तिला म्हणालास, "बाई, मी तुह्याकडं नाही, रस्त्याकडं पाहून राह्यलो. लाज धरू नको. लागलं त ओरड."

ती ओरडली. जीपही ओरडली. मी बोनेटला खांदा लावून चिखलात ढकलत होतो. पुढची चाकं माझ्या दोन्ही बाजूंना फिरली, घसरली आणि मग त्यांनी जमीन धरली. एकदा धरली ती सोडली नाही. तू एका दमात ती जीप उलटी चढवलीस. मी तोंडावर पडलो. वरून तुझा आवाज आला, "ये बे लवकर!"

मेहकरच्या दवाखान्यात तासाभरात गयाला मुलगी झाली. दोघी वाचल्या. आपण व्हरांड्यात बसलो होतो, चिखलानं माखलेले. मला वाटत होतं, आता सांगावं. हीच वेळ.

तूच विचारलंस. "काऊन तुटला असंल बे तो क्रॉस? नवाच होता न?"

आणि मी म्हणालो, "तू डांबरी रस्त्यावर पुढचा दांडा लावून गाडी पळवतो. किती खेपा सांगतलं तुले."

हे मी म्हणालो. तोंडातून निसटलं, असं मी चार वर्षं स्वतःला सांगितलं. ते निसटलं नव्हतं. मला स्वतःला वाचवायचं होतं.

तू हातावरचा चिखल सोलत राहिलास. मग मान हलवलीस. "हाव. माहीच चूक हाये. बाई मेली असती आज माह्यापाई."

तेवढ्यावर थांबला असतास तरी मी कसंतरी निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तू त्या मळ्यात गेलास आणि गयाच्या सासऱ्याचे पाय धरलेस. माझ्या चुकीनं गाडी मोडली, म्हणालास. त्यांनी तुला उठवून मिठी मारली, म्हणाले, तुमच्यामुळे तर दोन जीव आहेत. तुला ते पटलं नाही. दर हंगामात त्यांच्याकडून वांग्यांची टोपली यायची, ती तू कधी पूर्ण घेतली नाहीस. अर्धी माझ्या घरी पाठवायचास. "मिस्त्रीनं ढकलली म्हणून गाडी चढली," असा निरोप त्यासोबत. मी ती वांगी खाल्ली, दौलत. चार वर्षं खाल्ली.

त्यानंतर तू डांबरी रस्त्यावर तो दांडा कधी लावला नाहीस. नव्या ड्रायव्हरांना तूच सांगायचास, मिस्त्रीचं ऐका, मी नाही ऐकलं. लोकांसमोर माझं नाव असं घ्यायचास की मला खाली पाहावं लागायचं. आणि आपला वादही ढिला पडला. पुढच्या चाकांचं तू क्वचित बोलायचास. मी मुद्दाम डिवचायचो, "त्या दिवशी तर पुढच्याच चाकांनी वाचवलं," तर तू म्हणायचास, "मागची मीच तोडली होती न." मी तुझ्याकडून एक भांडण काढून घेतलं. हे मला आता इतकं मोठं वाटतं की झोप येत नाही.

दोनदा सांगायला निघालो होतो. एकदा तुझ्या धाकटीच्या आजारपणात तुझ्या घरी बसलो होतो. वाटलं, आत्ता नको, आधीच काळजीत आहे. दुसऱ्यांदा गेल्या दिवाळीनंतर. तू गॅरेजात आलास, मी म्हणालो, "दौलत, तुले एक सांगाचं होतं." तू म्हणालास, "सांग न." तेवढ्यात बस आली आणि कंडक्टर तुझ्याशी बोलायला लागला. तू परत वळून विचारलंस, "काय म्हणत होता बे?" मी म्हणालो, "काही नाही, सवडीनं सांगीन."

सवडीनं! तुझं वय चाळीस, माझं बेचाळीस. कोणाला वाटलं असतं?

परवा कौसल्यावहिनींचा निरोप आला, येऊन जा म्हणून. मला वाटलं जीपचं गिऱ्हाईक पाहायचं असेल. तुझा भाऊ तेरवीच्या दिवशीच विकण्याचं बोलत होता. मी डोणगावला गेलो. जीप वाडीच्या कडेला उभी होती, धूळ साचलेली. वहिनी बाहेर आल्या. लुगडं घट्ट खोचलेलं, कपाळ मोकळं. त्या कपाळाकडे मला पाहवेना.

"भाऊजी, जीप मले इकाची नाही," त्या म्हणाल्या. "मले चालवाले शिकवा."

मी जीपकडे पाहायला लागलो.

"दोन पोरी हायेत. वाडीतला माल बाजारात न्याचा हाये. भाड्याच्या गाडीवाल्यापाशी किती दिस हात जोडू? लोक काय म्हणतील ते मले माहीत हाये, ते तुमी नका सांगू."

मी हो म्हणालो. पण त्या जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसायच्या आधी मला बोलणं भाग होतं. मी सगळं सांगितलं. जुना क्रॉस, नाल्यातलं तुटणं, व्हरांड्यातलं माझं वाक्य. उभ्यानंच सांगितलं, खाली पाहून. सांगताना वाटत होतं, त्या रडतील, नाहीतर शिव्या देतील, नाहीतर, खरं सांगतो, मनात आशा होती की म्हणतील, जाऊ द्या भाऊजी, त्यांना ठाऊक होतं.

तसं काही झालं नाही.

"ते चार वर्सं झुरले," त्या म्हणाल्या. "जेवता जेवता मधीच थांबत. म्हनत, ती बाई मेली असती माह्यापाई. मी म्हनो, नाही न मेली. त म्हनत, तुले नाही समजत."

त्या एक पाऊल पुढे आल्या.

"हे त्याईले काऊन नाही सांगतलं?"

"हिंमत नाही झाली, वहिनी."

"मंग आता मले सांगून काय होते? माफ करनारा गेला. त्याईच्या वाटची माफी मी देऊ शकत नाही, आन देनारबी नाही."

असं म्हणून त्या जीपकडे गेल्या. मला वाटलं, आता घरी जा म्हणतील. त्यांनी पदरानं सीटवरची धूळ झटकली, डाव्या बाजूनं वर चढल्या आणि स्टिअरिंगमागे बसल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बसा. क्लच कोनचा ते सांगा."

मी बसलो. क्लच दाखवला, ब्रेक दाखवला. जीप तीनदा झटका देऊन बंद पडली. चौथ्यांदा हलली. वाडीच्या कडेच्या पडीक रानातून ती वाकडीतिकडी निघाली, आणि वहिनींनी स्टिअरिंग असं धरलं होतं की जणू ते कोणी हिसकावून घेणार आहे. तुझ्या दोन्ही पोरी बांधावर उभ्या राहून पाहत होत्या. रानाच्या टोकाशी मी म्हणालो ब्रेक, त्यांनी दुसरंच काही दाबलं आणि जीप बांधावर नाक चढवून थांबली. नशीब, त्यांचा पाय क्लचवर होता, म्हणून इंजिन चालू राहिलं.

वहिनी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि मोठ्यानं, पोरींना ऐकू जाईल इतक्या. हसता हसताच त्या रडायला लागल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळ्यांतून पाणी, तोंड पुसायलाही हात सोडेनात. मला काय करावं कळेना. मी किल्लीकडे हात नेला, इंजिन बंद करावं म्हणून.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मागं घ्याची कशी ते सांगा आंदी."